रुईमायचा बुधवार

अकोल्याच्या जिनांमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांमध्ये, एक सुट्टी पाळली जायची, ती पंचांगात नव्हती नि सरकारी यादीत तर नाहीच नाही. संक्रांत झाली की पहिल्या बुधवारी कापसावरच्या बाया कामावर जायच्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर दहा तोंडं दहा गोष्टी सांगायची. त्यातल्या त्यात चालणारी गोष्ट अशी, की रुईमाय नावाची पांढऱ्या केसांची देवी त्या दिवशी पहाटे जिनच्या फाटकात प्रकट झाली, आणि शेठजींनी मोटारीतून उतरून तिला हात जोडले. सुट्टी अमरावतीच्या जिनांपर्यंत पोचली तेव्हा देवीच्या हातात त्रिशूळही आला होता.

भागीरथा हे ऐकायची नि पदरात तोंड खुपसून हसायची. हसणार नाही तर काय! ती पांढऱ्या केसांची देवी म्हणजे तीच होती की हो. वय तेव्हा अठ्ठावीस, केस काळेभोर. फक्त त्यांच्यावर तीन महिन्यांची रुई बसली होती.

साल पंचावन्न. भागीरथा यंत्रात कापूस घालायची. सरकी खाली पडायची, रुई पुढं जायची आणि तिची बारीक तूस हवेत तरंगत बायांच्या डोक्यात शिरायची. फडकं कितीही घट्ट बांधा, काही उपयोग नाही. यायचं उजाडायच्या आत, जायचं दिवे लागल्यावर. लांब केस धुवायचे तर ते वाळवायला ऊन पाहिजे. पौषातल्या थंडीत ओलं डोकं घेऊन झोपलं की ताप आलाच म्हणून समजा. आणि हिवाळ्यातलं ऊन सगळं जिनच्या पत्र्यांना मिळायचं.

“मुकादम, मले एक दिवस पायजे,” ती खुशालराव मुकादमाला म्हणाली.

“काहून? कोनी मेलं का?”

“डोस्कं धुवाचं हाये.”

खुशालराव पोट धरून हसला. “आज डोस्कं, उद्या नखं काढाले सुट्टी मांगशीन!”

भागीरथा तापट बाई. दुसऱ्या दिवशी ती आत गेलीच नाही, फाटकात फतकल मारून बसली. येणारी प्रत्येक बाई तिला पाहायची, स्वतःचं डोकं खाजवायची नि शेजारी बसायची. शेठजींची मोटार आली तेव्हा फाटक भरून गेलं होतं. कारण ऐकून त्यांनाही हसू आवरेना. “जा बाई, या धुवून एकदाच्या,” म्हणाले. झालं, संक्रांतीनंतरच्या त्या बुधवारी मिळाली तीच ही सुट्टी. पुढच्या वर्षी बायांनी विचारलंसुद्धा नाही, परस्पर घेऊन टाकली.

मग देवी कुठून आली? तर भागीरथाच्या शेजारच्या यंत्रावर रुख्मिणी होती. कुणब्याची, जिभेची सैल, मनाची बरी. नव्या पोरींना ‘डोस्कं धुवाची सुट्टी’ सांगायला तिला कमीपणाचं वाटायचं, म्हणून तिनं रुईमाय काढली. दोन-तीन वर्षांत फाटकाजवळच्या निंबाखाली एका दगडाला शेंदूर लागला, नारळ फुटायला लागले. इकडं छप्पन साली भागीरथा घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. देव सोडले ते सोडले. त्या दगडाला ती हात जोडायची नाही, पण दुसऱ्या कोणाच्या भक्तीत काडीही घालायची नाही.

चौसष्ट साली नवे मॅनेजर आले. माणूस शिस्तीचा, पण वाईट नव्हे. “सणाची सुट्टी मी कापणार नाही,” ते म्हणाले, “फक्त सण कोणता, ते मला इथल्या जुन्या माणसाकडून कळू द्या.” खुशालराव वारला होता, शेठजी अंथरुणाला खिळले होते. राहता राहिली ती सगळ्यांत आधी फाटकात बसलेली भागीरथाच.

दुपारी भाकरी खाताना रुख्मिणी तिच्या कानाशी लागली. “भागीरथे, तू काही बोलूच नोको. साहेबानं इचारलं, रुईमायचा सण हाये का, तं फक्त मान हालवजो.”

“अन् ते खोटं नाही का?”

“मानेचं कुठं खोटं असते वं!”

बाया खिदळल्या. वर्षातला एकच उन्हाचा दिवस, सगळ्या जणींचा, आणि तो भागीरथाच्या मानेवर येऊन बसला होता. हलवावी, तर ज्या देवांना तिनं घराबाहेर ठेवलं त्यांची साक्ष आता तिनंच द्यायची. खोटं बोलणार नाही असं दर पौर्णिमेला विहारात म्हणायचं, ते काय नुसते ओठ हलवायला? आणि नाही हलवावी, तर या पोरींनी कोणाकडं पाहायचं?

साहेबांनी विचारलं. भागीरथाची मान काही हलेना.

“साहेब, देवी-गिवी कोनी नाही. फाटकात मी बसली होती. डोस्क्यात रुई होती, थे धुवाचं होतं. बाया आल्या, शेठजीनं सोडलं. अन् आताबी धुवाचंच हाये.”

साहेब म्हणाले, “डोकं घरी धुतात बाई. त्यासाठी काम कसं बंद ठेवू?”

सुट्टी गेली. बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं. “मोठी आली खरं बोलनारी!” असं तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. आता खरं बोलल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे की नाही? छे! रुख्मिणीनं तर यंत्रच बदलून घेतलं, आणि ते भागीरथाला सगळ्यात जास्त लागलं. भांडावं, शिव्या द्याव्यात, पण शेजार सोडू नये हो माणसानं.

बुधवार आला. भागीरथा भाकर बांधून निघाली आणि मोर्णा नदीच्या वळणावर तिचे पाय थबकले. डोकं धुवायचं आहे, असं साहेबांना सांगितलं ते खरं म्हणून. मग आज मुकाट कामावर गेले तर तेही खोटंच की! काढलं तर काढलं, म्हणत ती नदीकडं वळली.

नदीवर बायांच्या दोन जागा होत्या. वरच्या अंगाला दगडी पायऱ्या, त्या कुणब्या-माळ्यांच्या बायांच्या. खालच्या अंगाला नुसती रेती, तिथं भागीरथाच्या वस्तीतल्या बाया. कोणी ठरवलं नव्हतं म्हणे. पाळत मात्र सगळे होते, अगदी त्या सुट्टीच्या बुधवारीसुद्धा. भागीरथा रेतीत बसली, केस सोडले. पाणी गारठलेलं होतं. तेवढ्यात मागं पावलं वाजली. पदरात रिठे बांधून रुख्मिणी उभी.

“इकडं कुठं चुकली?” भागीरथानं विचारलं.

“डोस्कं खाजून राहिलं, म्हणून आली. देवीसाठी नाही आली.” रुख्मिणीचा सूर अजून फुरंगटलेलाच होता. “देवी मीच काढली होती, थे मले मालूम नाही का? सरक तिकडं.”

“साहेब कामावरून काढून टाकीन तुले.”

“मंग काय तुले एकटीलेच काढू देऊ?”

ती मागं बसली, रिठ्याचा फेस केला आणि दोन्ही हात भागीरथाच्या केसांत घातले. नऊ वर्षं शेजारी शेजारी काम केलं होतं, पण रुख्मिणीचा हात तिच्या डोक्याला लागला तो आज पहिल्यांदा. भागीरथाला रडू फुटलं. चांगली हमसून हमसून रडली ती. रुख्मिणी डोकं चोळत राहिली.

जिनचा दुसरा, काम सुरू झाल्याचा भोंगा झाला. वरच्या पायऱ्यांवरून आणखी बाया उतरून रेतीकडं येताना दिसल्या.

“डोये मिट,” रुख्मिणी म्हणाली, “रिठा झोंबते.”