भाकरीच्या मापाची कडी

परदेशी चूल घरी आली तेव्हा मी तिला हळदकुंकू लावलं आणि फडताळावर ठेवली. रांधे गावातल्या आमच्या चाळीत बहुतेकींनी तेच केलं. चूल चांगली होती. खाली छोटा पंखा, लाकूड निम्मं, धूर नावाला. पण तोंड अरुंद. खानदेशातून आणलेला माझा मातीचा तवा तिच्यावर डुगडुगायचा. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मध्ये करपायची, कडेला कच्ची राहायची.

वर्षभरानं तपासणीच्या मॅडम आल्या, सोबत चूल बनवणाऱ्या कंपनीचा परदेशी इंजिनियर. चकचकीत चूल बघून मॅडमचा चेहरा उतरला.

"आजी, वापरत नाही का?"

"शोभेला बरी आहे."

त्यांनी समजावलं. आमच्याकडे जेवढा धूर कमी होतो, तेवढा धूर सोडायची सूट तिकडे परदेशातल्या एका कारखान्याला मिळते. म्हणून आम्हाला चूल फुकट. चुली पेटल्याच नाहीत तर योजना बंद, आणि इथलं चुली जोडायचं शेडही बंद. त्या शेडमध्ये माझी सून वेल्डिंग करते. भाग तिकडून येतात, हिनं नुसते जोडायचे. काही बदललं तर काम जाईल, असं तिला बजावलेलं.

तरी कालच तिनं भंगारातल्या पट्टीची, चुलीच्या तोंडावर बसवायची, तव्याच्या मापाची कडी केली होती. अजून पेटवून बघितली नव्हती. ती शेजारी उभी राहून मला डोळ्यांनी नको नको म्हणत होती. मी खाटेखालून कडी काढली.

"काम जाणारच आहे, तर भाकरी भाजून जाऊ दे," मी म्हटलं.

कडी बसवून चूल पेटवली. तवा हलला नाही. परदेशी पाहुण्यानं धूर मोजायची डबी लावली. भाकरी टम्म फुगली आणि मी पिठाच्या हातांनीच डबीवर वाकले. आकडा मला कळत नव्हता, म्हणून मॅडमच्या तोंडाकडे बघितलं.

"धूर वाढला नाही, आजी."

पाहुण्यानं ठेच्याबरोबर अर्धी भाकरी खाल्ली, डोळे पुसले आणि वहीत कडीचं चित्र काढायला घेतलं. मी वहीवर हात ठेवला.

"त्यांना विचारा, आमच्या सुनेनं चुलीला हात लावायचा नाही, मग हिची कडी हे कशी उतरवून घेतात?"

मॅडम घुटमळल्या, मग त्यांनी त्याला त्याच्या भाषेत विचारलं. पाहुणा हसला. मी हात उचलला नाही तेव्हा हसायचा थांबला. बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आल्यावर मॅडमनी कागदावर लिहून दिलं, दोघांनी सह्या केल्या: कडी रांध्यातच बनेल, आणि चुलीचा पूर्ण नकाशा शेडला मिळेल.

मी चौथी शिकलेली. कागद दोनदा वाचला, मग हात काढला. सून हिंदीतून माप सांगू लागली, मोडकी हिंदी कळणारा पाहुणा लिहू लागला. मी दुसरी भाकरी थापायला घेतली.