फळ्यावर न केलेली सही

नातवंडांनो, तुमचा बाबा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला, त्या वर्षीची गोष्ट. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा होता. दर सोमवारी मी त्यावर एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि मूळ लिहीत असे. घराघरांतल्या मुलांना सॉफ्टवेअरमध्ये जायचे होते आणि माझी तीस वर्षे कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली होती. मुले खाली त्या शब्दाची वाक्ये लिहीत. नियम माझाच. चूक पुसायची नाही, तिच्याखाली दुरुस्ती लिहून सही करायची. तुमच्या बाबाने लहानपणी चार सह्या केल्या, त्यातली एक रडत.

एका सोमवारी मी 'गलंफ' लिहिला. अर्थ, ऐटीत धपधप पावले टाकत जाणे. मूळ, स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांची जुनी बोली.

सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर. त्यांना मी एकदा भर सभेत गप्प केले होते, ते त्यांनी जपून ठेवले होते. त्यांच्याकडे नुकतेच इंटरनेट आले होते. संध्याकाळी माझ्या अक्षराखाली छापील कागद चिकटला. हा शब्द एका इंग्रज लेखकाने मुलांच्या कवितेसाठी घडवला, घोड्याच्या दौडीचा 'गॅलप' आणि विजयाचा 'ट्रायम्फ' एकत्र करून. खाली लाल स्केचपेनने लिहिले होते, 'फळा सार्वजनिक आहे. चुका आपापल्या घरी कराव्यात.'

मी वर जाऊन मोठा शब्दकोश उघडला. कागद बरोबर होता. माझ्या प्राध्यापकांनी सांगितलेले मूळ मी वहीत उतरवले होते आणि तीस वर्षे तसेच शिकवले होते. कोश हाताशी होता, पण गुरूंचे सांगणे पडताळायची आम्हाला सवयच नव्हती.

खाली आले तर फळ्याभोवती मुले जमलेली आणि सेक्रेटरी खडू घेऊन तयार.

"बाई, दुरुस्ती मी लिहितो. आपण फक्त सही करा."

"आपल्या अक्षराखाली मी सही करत नाही," मी म्हणाले. कागद ओढून काढला आणि फळा पुसला.

तळमजल्यावरची मुलगी म्हणाली, "आजी, पुसायचं नसतं ना?"

मी जिना चढून वर आले. पुढच्या सोमवारी फळ्यावर टाकी धुण्याची सूचना होती. एकही मूल शब्द मागायला वर आले नाही.

सेक्रेटरींशी मी आजही बोलत नाही आणि बोलणारही नाही. पण तुम्ही इंग्रजी शाळेत आहात, म्हणून लिहिते. गलंफ, गॅलप आणि ट्रायम्फ मिळून. दुरुस्ती माझी. सही खाली केली आहे, बाबाला दाखवा.