डिकीच्या नव्या बिजागऱ्या

"कुनाचाबी हात मी त्या झाकनाखाली ठिवायची न्हाई."

"आगं, बिजागऱ्या नव्याकोऱ्या हायत! मेकॅनिकनं माझ्यासमोर बसवल्या. चारदा उघड-मिट करून दावली."

"रिकामी दावली."

"मग काय त्यानं बांगड्या टांगून दावायची व्हती?"

"व्हय!"

वाल्मिक खो खो हसला. पुष्पावती हसली नाही. राहात्याच्या बाजारात अजून पालं ताणणं चाललं होतं, आणि दोघं नवरा-बायको आपल्या जुन्या अँबॅसिडरच्या उघड्या डिकीपाशी उभी होती.

ती डिकी म्हणजेच त्यांचं दुकान. वर उघडलेल्या झाकणाला आतून सळया ठोकलेल्या, सळयांना बांगड्यांच्या माळा. डिकीच्या काठावर गोधडीची घडी. गिऱ्हाईक बाई स्टुलावर बसायची, मनगट गोधडीवर टेकवायची आणि बाजूच्या पेटीवर बसून पुष्पावती बांगड्या भरायची. हे काम तिला सासूनं, बनुबाईनं शिकवलं. हात दाबून मऊ करायचा, बाईला बोलण्यात गुंतवायचं, "हाताकडं बघू नगं, माज्याकडं बघ" म्हणायचं. पुष्पावतीचा हात इतका हलका, की बाया डोळे मिटून मनगट तिच्या हवाली करायच्या.

आता तेच मिटलेले डोळे तिला नको झाले होते.

जुन्या बिजागऱ्या गंजून तुटल्या, तशा वाल्मिकनं मोबाईलवरून दुसऱ्या मागवल्या. गाडी बनवणाऱ्यांच्या नव्हेत, भलत्याच कुणाच्या. दिसायला चकचकीत. मागच्या बाजारी सुकन्या नावाची नवी सून हिरवा चुडा भरायला बसली. निम्म्या बांगड्या चढल्या आणि वरच्या माळा किणकिणल्या. वारा तर नव्हता. पुष्पावतीनं पोरीचा हात ओढला आणि झाकण धाडकन गोधडीवर आदळलं. "मावशी, केवढं घाबरवलंत!" म्हणत पोरगी हसली. तेव्हापासून मात्र घरात भांडं वाजलं तरी पुष्पावतीचा हात आपोआप मागं येई.

"त्या दिशी झाकन तूच पुरतं वर लोटलं नव्हतं," वाल्मिक म्हणाला.

"बरं, माझं चुकलं. मग माळा खाली मांडू."

"खाली कुनाला दिसत्यात? लांबून माळा चमकल्या की मग बाया वळत्यात."

"टेकू लावा."

"गर्दीत कुनाचा पाय लागला म्हंजी?"

"म्हंजी पडंल, हे तुमालाबी ठावं हाय!"

"डोकं खाऊ नगं. टांग माळा."

पुष्पावतीनं गोधडीवर हात आपटला. "तुमचा हात ठिवा हितं. मग टांगते."

"हात्तिच्या! घे." वाल्मिकनं बाही सारून मनगट ठेवलं, वर बोटं नाचवली. "भर हिरवा चुडा!"

तिनं पहिली माळ अडकवली. दुसरी. तो हसत होता. काढा की हात, काढा, असं ती मनातल्या मनात म्हणत होती आणि माळा टांगत होती. लाखेच्या जड माळा राहिल्या होत्या. त्यातली एक चढली आणि बिजागरीतून 'कट्' असा आवाज आला. सगळी काच एकदम किणकिणली.

वाल्मिकनं हात खेचून घेतला. झाकण पडलं नाही. बोटभर खाली सरकलं आणि तिथंच थरथरत थांबलं.

दोघंही झाकणाकडं बघत राहिली.

"पुष्पे, बोहनी व्हायचीय ना? भर माज्या हातात," मागून आवाज आला. लंकाबाई, नेहमीचं गिऱ्हाईक. ती स्टूल ओढून बसलीसुद्धा, आणि मनगट गोधडीवर ठेवून तिनं सवयीनं डोळे मिटले.

पुष्पावतीनं झटकन तो हात उचलून आपल्या छातीशी धरला.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली. "सांगा. ठिवू का हिचा हात खाली?"

वाल्मिक आपलं मनगट चोळत होता. त्यानं एकदा झाकणाकडं पाहिलं, एकदा लंकाबाईच्या मिटल्या डोळ्यांकडं. मग बाही खाली ओढली आणि पाठ फिरवून, पालांमधल्या गर्दीतून वाट काढत तो निघून गेला.