अकरा कळ्यांचा मोदक
हळदीच्या पानांवर मोदक वाफवल्याचा वास आला, की मला गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरचं माझं बंद पडलेलं मोदकांचं दुकान आठवतं. अंगारकीचा दिवस, दारात रांग, आणि मी मालक काय करत होतो, तर मोदक वळणाऱ्या मावशींच्या कळ्या मोजत होतो. अकरातली एक कमी भरली, की मोदक मोडून बाजूला. "दादा, बाप्पा मोजून खातो काय?" त्या म्हणाल्या. मी आणखी एक मोडला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "मग तुम्हीच वळा." मी वळलेले सगळे मोदक वाफेत फुटले, रांग पांगली, मावशी काही परत आल्या नाहीत. परवा त्यांनी स्वतः टाकलेल्या टपरीवर एक मोदक घेतला. "नऊच आहेत हो त्याला," मावशी म्हणाल्या, "खा आता."