शंभरातून सात

मंडळी, आज सकाळी मेंदूच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. हल्ली मी विसरतो, म्हणून मुलाचा हट्ट. तपासणीत नापास झालो तर सोलापूर सोडून त्याच्याकडं पुण्याला, असं ठरलेलं. निघताना घराची किल्लीही त्यानंच खिशात टाकली.

डॉक्टर म्हणाले, "काका, शंभरातून सात सात वजा करत चला."

मी हसलोच. सत्तरच्या दशकात याच गावात गणित शिकवलंय की मी! पाढे कवितेसारखे चालीवर म्हणून घ्यायचो.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." इथं चाल लागली आणि जीभ साताच्या उलट्या पाढ्यावर घसरली. "सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. मुलानं मान खाली घातली.

तेव्हा वर्गातली विणकराची लक्ष्मी आठवली. पाढा मधूनच विचारला की रडवेली व्हायची. "गुरुजी, चाल सोडली की येत न्हाई."

मी म्हणायचो, "मग बोटं धर की. घाई कुणाला हाय?"

मीही टेबलाखाली बोटं धरली. "चुकलो. एकोणऐंशीतून सात... बहात्तर. मग पासष्ट. मग अठ्ठावन्न."

डॉक्टरांचं पेन पुन्हा चालू लागलं. मग मुलाला म्हणाले, "सहा महिन्यांनी परत आणा. तोवर राहू द्या इथंच."

रिक्षात मुलानं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तुम्हाला पाढे येतात ना? मधूनच विचारले तर?