अप्पांचा निळा बॉल

जेवण अंगावर आलंय. डोळे मिटतायत आणि मांडीशी अप्पांचा निळा बोलिंगचा बॉल घेऊन मी पलंगावर आडवी आहे. पाचपर्यंत मिलिंदला कळवायचंय. आमच्या बोलिंग सेंटरमध्ये ज्याच्या त्याच्या बोटांच्या मापाने बॉलला भोकं पाडून देतो तो. शनिवारी स्पर्धा. पिनांकडे बॉल सोडायच्या लेनवर तो घसरावा म्हणून तेल लावतात; सकाळी ते ताजं असणार, दुपारी तीच लेन कोरडी पडणार, आणि न्यायचा बॉल एकच. मिलिंद म्हणतो, "ताई, नवा घ्या, नाहीतर अप्पांच्या बॉलची भोकं बुजवू आणि तुमच्या मापाची पाडू."

बुजवू म्हणे! माझ्या सासऱ्यांची बोटं तेवढीच तर उरलीत.

"कल्याणी, सरक जरा."

अप्पा पलंगाच्या कडेला बसलेत. अंगात घरचा बनियन, पायात बोलिंगचे दोरंगी बूट. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. मला नवल वाटत नाही, रागच येतो.

"होतात कुठे इतके दिवस?"

"हळू बोल, तुझी सासू जागी होईल."

आम्ही मंडईत उभे आहोत. कलिंगडांच्या जागी बॉल रचलेत आणि अप्पा एकेकाला टिचकी मारतायत.

"हा फार खरखरीत. तेलावर छान वळेल, पण लेन कोरडी पडली की अर्ध्यातच वळून पळेल. आणि हा गुळगुळीत. कोरड्यावर ठीक, तेलावर नुसता घसरत जाईल, ढिम्म वळायचा नाही."

"मग?"

"मधला घे. लेन बदलली तर आपण दोन पावलं सरकून उभं राहायचं."

"मधला म्हणजे तुमचा निळाच की."

"मग मी मघापासून काय सांगतोय?"

मंडईची गल्ली संपते ती आमच्या पॅसेजमध्ये. फरशी तेलाने चकाकतेय, टोकाला पिनांच्या जागी लोणच्याच्या दहा बरण्या.

"टाक," अप्पा म्हणतात.

त्यांच्या जाड अंगठ्याच्या भोकात माझा बसावा म्हणून मी आत टेपचे अकरा थर चिकटवलेत. हात मागे नेते आणि बॉल निसटून त्यांच्या पायाशी धप्पकन पडतो. मागच्या महिन्यात खरोखर असाच सुटला होता. मागे बसलेल्या मुलीचा पाय थोडक्यात वाचला.

"अगं बाई, मेलेल्या सासऱ्याला परत मारतेस का?"

मी हसते आणि हसता हसता मला रडू फुटतं. "भोकं बुजवली तर तुम्ही कुठे राहाल, अप्पा?"

"भोकात राहायला मी काय उंदीर आहे?" ते माझा अंगठा हातात घेतात, पहिल्या दिवशी माप घेतलं होतं तसाच. "सहा वर्षं शिकवलंय तुला. ते सगळं तुझ्या मनगटात आहे, वेडाबाई. आणि माप घट्ट घे, ढिलं नको."

"थांबा ना. चहा टाकते."

"कल्याणी, साडेचार झाले गं!" बाहेरून सासूबाईंची हाक येते.

मी जागी होते. बॉल मांडीशीच आहे. माझी मूठ मात्र गच्च मिटलेली. उघडते तर आत टेपचा चुरगळलेला बोळा, अकराच्या अकरा थर. भोकात अंगठा घालून बघते. तो आत नुसता डगडगतो.

मी फोन लावते. "मिलिंद, निळाच नेणार. बुजव भोकं." टेपचा बोळा मी उशीखाली सारते. "आणि अंगठ्याचं माप घट्ट घे. अप्पांनी सांगितलंय."

"बरं ताई," मिलिंद म्हणतो. "अप्पा म्हणतायत तर घट्टच घेऊ."