पाचवं कातडं

कोपरगावात गोदावरीच्या घाटावर एक म्हातारा पूजेला बसायची हरणाची कातडी विकायचा. गिऱ्हाईक आलं की आधी स्वतः कातड्यावर मांडी घालायचा, डोळे मिटायचा आणि मगच भाव सांगायचा.

मी सातवीतून शाळा सोडून रत्नागिरीहून इथल्या साखर कारखान्यात आलेलो. गार फरशीवर निजून मला ताप भरला, तेव्हा त्यानं एक जुनं कातडं अंथरायला दिलं. पैशाचं नावही काढलं नाही.

पुढं वन्यप्राण्यांचा नवा कायदा आला. कातडी विकायला बंदी झाली आणि जवळ असतील तेवढी सरकारला लिहून द्यायची ठरली. म्हातारा कोरा कागद घेऊन माझ्या खोलीवर आला.

"लिही, पाच."

"बाबा, तुमच्याकडं तर चारच आहेत."

"पाचवं तुज्या बुडाखाली हाय."

"मी लपवून ठेवतो."

"तू लपवनार? आत्ताच थरथरतोयस. ऊठ."

मी उठलो. अर्जावर त्याचं नाव मीच लिहिलं. आज ते आठवत नाही, याची लाज वाटते. त्यानं अंगठा उठवला आणि कातडं गुंडाळून काखेत मारलं.

"मला धरलं तर सोडवायला चार पोरं हायत. तुला सोडवायला रत्नागिरीवरनं कोन येनार?"

दारातून तो परत फिरला आणि खांद्यावरची घोंगडी त्यानं फरशीवर टाकली.

"घे. मेंढराला अजून कायदा न्हाई."